घाट उतरताना

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. मुंबई-आग्रा महामार्ग या गावाला लागूनच जातो. संध्याकाळ झाली, की कापडाच्या गाठी भरलेले ट्रक भिवंडी-मुंबईच्या दिशेने निघू लागतात. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. त्यांनी या रस्त्यावर तीस वर्षे ट्रक चालवला. मुलांनो, आज मी तुम्हांला ट्रक ड्रायव्हरच्या कामाची जी माहिती सांगणार आहे, तिच्यातील बरीचशी मी त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकली आहे.

चाचा पंधराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. क्लीनर आपल्या ड्रायव्हरला ‘उस्ताद’ म्हणतो. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. मात्र ट्रकवरचा उस्ताद फळ्यावर लिहून शिकवत नाही. आधी काच पुसायची, मालावर ताडपत्री टाकायची, दोर आवळायचे, ट्रक मागे घेताना खाली उभे राहून आवाज द्यायचा. शिवाय दर मुक्कामाला टायर ठोकून पाहायचे. ट्रकची मागची चाके जोडीने बसवलेली असतात. आतल्या टायरमधील हवा गेली, तरी ते बाहेरून चटकन कळत नाही. म्हणून क्लीनर लोखंडी टॉमीने प्रत्येक टायर ठोकतो. हवा भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला टायर बद्द वाजतो. चाचा म्हणतात, “स्टिअरिंग हातात येण्याआधी दोन वर्षे मी फक्त कानाने शिकलो.”

आता असे नुसते पाहून शिकणे पुरेसे नाही. वयाच्या अठराव्या वर्षी मोटारीसारख्या हलक्या वाहनाचा परवाना मिळतो. तो मिळून एक वर्ष झाल्यावर मालवाहू वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. डॉक्टरांचा दाखला लागतो, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते आणि आर.टी.ओ. कार्यालयात चाचणी द्यावी लागते. मालवाहू वाहन चालवण्याचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. पूर्वी यासाठी आठवी पास असण्याचीही अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. (हे वाचून वर्गात कोणी टाळी वाजवू नये!)

परवाना मिळाला, तरी खरी परीक्षा घाटात होते. नाशिकहून मुंबईकडे जाताना इगतपुरीनंतर कसारा घाट लागतो. तुम्हांला वाटेल, की भरलेला ट्रक घाट चढवणे अवघड असेल. चढताना ट्रक कुरकुरतो, धापा टाकतो, पण फार तर बंद पडतो. उतरताना मात्र मालाचे सगळे वजन मागून ढकलत असते. दहा चाकी ट्रकला मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजनाची परवानगी आहे. एवढे ओझे उतारावर सुटले, तर ते थांबवणार कसे?

तुम्ही म्हणाल, ब्रेक लावून. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन चालू असताना एक पंप टाकीत हवा भरत राहतो. पायाने ब्रेक दाबला, की ती हवा चाकाच्या आतील पट्ट्यांना फिरत्या ड्रमवर दाबते. घर्षणामुळे चाकाचा वेग कमी होतो. पण घर्षणामुळे उष्णताही निर्माण होते. हात एकमेकांवर जोराने चोळून पाहा, म्हणजे समजेल. संपूर्ण घाटभर ब्रेक दाबून ठेवला, तर पट्ट्या इतक्या तापतात, की त्यांची पकड सुटते. पाय ब्रेकवर असतो आणि ट्रक पुढे धावतच असतो.

यासाठी जुन्या उस्तादांचा एक साधा नियम आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना धरून ठेवते. ब्रेक अधूनमधून लावला, तरी भागते. उलट, काही ड्रायव्हर डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

चाचांनीही तरुणपणी एकदा असे केले होते. वाचलेल्या डिझेलचे पैसे त्यांना मिळत असत. अर्ध्या उतारावर जळका वास आला आणि ब्रेक लागेनासा झाला. वेग वाढल्यामुळे गिअरही पडेना. त्यांनी ट्रक डोंगराच्या कडेला घासत नेला. ट्रकची एक बाजू फाटली, क्लीनरचा हात मोडला. पण दोघे जिवंत राहिले. “त्या दिवशी पाच-सहा लिटर डिझेल वाचले असेल,” चाचा सांगतात आणि गप्प होतात.

घाटाच्या तोंडाशी ‘पुढे तीव्र उतार’ अशी मराठी पाटी होती. तेव्हा चाचांना फक्त उर्दू वाचता येत असे. मैलाच्या दगडांवरची गावांची नावे क्लीनरला विचारून विचारून ते पुढे मराठी अक्षरे शिकले. पिंपळगाव, शहापूर, पडघा हे त्यांचे पहिले धडे.

झोप ही या कामातील दुसरी अडचण. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जातो. एवढ्यात डोळा लागला, तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. पण माल वेळेवर पोहोचला नाही, तर भत्ता कापला जाई. त्यामुळे कायदा कागदावर आणि ड्रायव्हर रस्त्यावर, अशी स्थिती होती. मला हा ड्रायव्हरांचा दोष वाटत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्र बसवणे सक्तीचे झाले आहे. मे महिन्यात दुपारी इंजिनाजवळ बसलेल्या माणसाला त्याचे मोल विचारावे.

गेल्या वर्षी चाचांच्या नातवाला मालवाहू वाहनाचा परवाना मिळाला. मिठाई वाटून झाली. पहिली खेप करून तो घरी आला, तेव्हा चाचांनी पगार विचारला नाही. त्यांनी विचारले, “कसारा कोणत्या गिअरमध्ये उतरलास?”