सीनेच्या दरडीतली हत्यारं

मोहोळ म्हटलं की नागनाथ आठवतो, ऊस आठवतो, शेतीची जाण असणाऱ्याला मालदांडी ३५-१ ज्वारी आठवते. ते वाण इथल्याच संशोधन केंद्रातलं. अश्मयुग कुणाला आठवत नाही. पण तालुक्याच्या एका अंगाने सीना वाहते, दुसऱ्या अंगाने बेगमपूरकडे भीमा, आणि दख्खनमधल्या आदिमानवाच्या शोधात भीमेच्या खोऱ्याला मोठं स्थान आहे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात सीनेने माढा-मोहोळ भागातली शेतं अक्षरशः खरवडून नेली. माती गेली तिथे खालचे गोटे उघडे पडले. अशा गोट्यांत एखादा बदामाच्या आकाराचा, एखादा धारदार दगड हाती लागतो आणि प्रश्न पडतो, हा माणसाने घडवला की नदीने?

या प्रश्नाचं उत्तर निम्मं दगडात असतं आणि निम्मं तो दगड जिथे होता त्या जागेत. लोक दगड उचलतात आणि जागा विसरतात. माझा सगळा जीव या दुसऱ्या निम्म्यासाठी तुटतो.

आधी मोहोळच्या वरचं आणि खालचं पाहू. वर जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी हे हत्यारांचं ठिकाण आहे. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. कऱ्हेकाठचं मोरगाव आपल्याला मयूरेश्वरामुळे माहीत, पण तिथेही पुराश्मयुगातली हत्यारं मिळाली आहेत. कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत येते. खाली कर्नाटकात, कृष्णा-भीमेच्या दुआबात, हुणसगी आणि बैचबाळची खोरी डेक्कन कॉलेजच्या डॉ. के. पद्दय्या यांनी वर्षानुवर्षं धुंडाळली. तिथे इसामपूरला चुनखडकाच्या लाद्या फोडून हत्यारं घडवण्याची जागाच सापडली. तिचं वय सुमारे १२ लाख वर्षं काढलं गेलं आहे. वर बोरी-मोरगाव, खाली इसामपूर. मधला सोलापूरचा पट्टा तेवढा माणसाने टाळला असेल, असं मानायला मला काहीच कारण दिसत नाही.

नदीतल्या गोट्यांनी माणसाचं वय वाढवलं ते प्रथम फ्रान्समध्ये, सोम नदीकाठी. बूशे द पेर्त यांनी तिथल्या थरांतून काढलेल्या हातकुऱ्हाडी कित्येक वर्षं कुणी मनावर घेतल्या नव्हत्या. १८५९ साली इंग्लंडहून प्रेस्टविच आणि इव्हान्स जाऊन ते थर स्वतः पाहून आले, तेव्हा विद्वानांनी मान तुकवली. चारच वर्षांनी, ३० मे १८६३ रोजी, रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं. दख्खनच्या काळ्या कातळावर मात्र पुढे बराच काळ फुलीच होती. मद्रासकडची हत्यारं क्वार्टझाइटची. तो दगड इथे नाही, म्हणजे तेव्हाचा माणूसही इथे नसणार, असा तर्क. तो खोडून काढला डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठी मिळालेल्या हत्यारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली आला. मग प्रवरेकाठचं नेवासं गाजलं. १९६६ ते १९६९ या काळात गुडरून कोर्विनस या जर्मन विदुषीने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर उत्खनन केलं. इथल्या माणसाने इथलाच दगड, डोलेराइट आणि घट्ट बेसाल्ट, फोडून हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या घडवल्या होत्या.

सीनेच्या पात्रात दगड मुख्यतः दोन जातींचे. एक काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. दुसरी गारगोट्यांची जात: कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक, जास्पर, कॅल्सेडनी. दोन्हींत खुणा वेगळ्या रीतीने टिकतात, म्हणून ओळखण्याची रीतही वेगळी.

गारगोटीचं काम सोपं. अंगठ्याएवढा लाल जास्परचा छिलका धुऊन सकाळच्या तिरप्या उन्हात धरा. एका टोकाला छोटी सपाट जागा दिसेल; घाव तिथे बसला. तिच्या लगेच खाली, पोटाच्या बाजूला, फुगवटा असतो, त्याला आघातकंद म्हणतात. तिथून शिंपल्यावर असतात तशा वळणदार लाटा खाली उतरत जातात. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे व्रण असतात, आणि ते वाटेल तसे नसतात. एकामागून एक, दिशा धरून आलेले असतात. धारेवर एकाच बाजूने सलग बारीक टवके असतील तर ती धार कुणीतरी मुद्दाम काढलेली आहे. नदीही दगडावर दगड आपटते, तिच्याही घावाने एखादा छिलका उडतो, आघातकंद दिसतो. पण चार-पाच घाव नेमाने, योग्य कोनात, एकाच कामासाठी घालणं नदीला जमत नाही.

बेसाल्टची पंचाईत मोठी. तो हवा-पाण्याने कुजतो, वरचा थर भुरभुरा होतो, व्रणांच्या कडा बुजतात. अस्सल हातकुऱ्हाड डोळ्यांना साधा धोंडा वाटते. बोट फिरवल्यावर मात्र दोन्ही तोंडांवरून आलेले व्रण जिथे भेटतात ती कड लागते. उलट, कातळाची सालं निघून नुसता झिजलेला गोटा हुबेहूब बदामाच्या आकाराचा होतो आणि भल्याभल्यांना फसवतो. आकारावर भरवसा ठेवायचा नाही, व्रण मोजायचे.

फसगतीची गोष्ट युरोपनेही अनुभवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिकडे ‘उषःकालीन हत्यारां’चं वेड होतं, कुठल्याही तुटक्या चकमकीत लोकांना आदिमानव दिसायचा. १९०५ साली मार्सेलँ बूल यांनी दाखवून दिलं, की मांत गावाजवळच्या सिमेंट कारखान्यात खडूची माती घुसळताना चकमकीचे गोळे एकमेकांवर आदळून नेमकी तशीच ‘हत्यारं’ तयार होतात. आपल्याकडे हेच काम आज जेसीबीचं फावडं, खडी क्रशर आणि नांगराचा फाळ करतात. असा ताजा टवका ओळखता येतो: त्याचा रंग आतल्या दगडाचा, लखलखीत असतो, जुन्या व्रणावर बाकी दगडासारखीच जुनी झाक चढलेली असते.

आणखी एक सावधगिरी. सापडलेलं पातं अस्सल असलं म्हणून ते लाखो वर्षांचं होत नाही. कॅल्सेडनीची छोटी, समांतर धारांची पाती मध्याश्मयुगातल्या शिकाऱ्यांनी काढली, तशीच इनामगाव-नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनीही काढली, अवघ्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी. जवळपास रंगवलेली खापरं असतील तर पातं बहुधा त्यांच्याच घरातलं.

दगड स्वतःचं वय सांगत नाही, हे बोरीइतकं कुठेच स्पष्ट होत नाही. १९८० च्या दशकात डॉ. शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे हत्यारांच्या सोबतीने ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. महाराष्ट्रात राख आली कुठून? पहिलं मापन १४ लाख वर्षांचं निघालं आणि खळबळ उडाली. पुढे दुसऱ्या मापनाने ६ लाख ७० हजार वर्षं दिली. मग राखेतल्या काचेच्या रसायनावरून काहींनी सांगितलं, की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. राख मूळ जागी पडली की पाण्याने पुन्हा वाहून आली, यावरही वाद झाला. हातकुऱ्हाडी त्याच, पण थराच्या वाचनाप्रमाणे वय लाखांनी पुढेमागे सरकलं. तो थर दरडीत शाबूत होता म्हणून निदान वाद तरी घालता आला. वाळूबरोबर ट्रकमध्ये गेला असता तर हातात नुसते दगड उरले असते.

म्हणून सीनेच्या पात्रातल्या मोकळ्या गोट्यांपेक्षा मला तिच्या काठाच्या दरडी मोलाच्या वाटतात. दरडीच्या तळाशी चुनखडीने सांधलेला गोट्यांचा घट्ट थर आढळला, तर तो नीट पाहावा. त्यात अडकलेलं हत्यार हे खरं सोनं. ते उपटून काढू नये. जवळ नाणं ठेवून फोटो घ्यावा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, काठ डावा की उजवा, जमिनीपासून खोली किती हे लिहून ठेवावं आणि सोलापूर विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

महापुराने सीनेच्या दरडी नव्याने कापल्या आहेत. भोगावती तिला मिळते तिथपासून खाली हत्तरसंग-कुडलच्या भीमा संगमापर्यंतचा काठ येत्या उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर आणि वाळूचे ठेके सुटण्याआधी, जाणत्या माणसांनी पायी पाहून त्याची नोंद करायला हवी. तालुक्यातल्या महाविद्यालयांतली इतिहास-भूगोलाची मुलं सोबत घेतली तर हे काम एका मोसमात होण्यासारखं आहे.