घराची किंमत आणि कर्जाची मुदत



शेअरांचा भाव रोज छापून येतो. आपल्या घराचा येत नाहीं. एवढ्यामुळेंच पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची अशी समजूत झालेली दिसते कीं, शेअरांतला पैसा चंचल आणि घरांतला अचल. वास्तविक घराची किंमतही हलत असते. मात्र घर विकावयास काढल्याखेरीज तें मालकाला दिसत नाहीं. तीन तीन महिने गिऱ्हाईक फिरकत नाहीं, आणि आलेलें गिऱ्हाईक दहा लाख कमी सांगतें, तेव्हां त्याला भाव कळतो.

मुंबईला हा अनुभव नवा नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. तो ठेवावा कोठें? जागा अपुरी असलेल्या बेटावर समुद्र हटवून जमीन करण्याची कल्पना कोणालाही पटण्यासारखी होती. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारें ५०,००० पर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालींच होती! घेणारांपैकीं अनेकांनीं कर्ज काढलें होतें, आणि बँक ऑफ बाँबेनेंही शेअरांच्याच तारणावर सढळ हातानें पैसे दिले. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपत आलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै रोजीं, वायदे पुरे करण्याच्या दिवशीं, देणें देण्यास बहुतेकांपाशीं पैसा उरला नव्हता. तोच शेअर पुढें २,००० च्या आंत आला. बँक बुडाली, प्रेमचंद रायचंदांसारखा धुरंधरही नादार झाला. (त्यांनीं आधींच देऊन टाकलेल्या पैशांतून झालेला राजाबाई टॉवर मात्र अजून उभा आहे.)

नवल असें कीं, जमिनीविषयीं त्या लोकांचा अंदाज खोटा नव्हता. पुढच्या शतकांत बॅकबेचा समुद्र खरोखरच हटला; मरीन ड्राइव्ह झाला, नरिमन पॉइंट झालें. पण इतकीं वर्षें थांबण्याची सवड सावकार देत नाहीं.

आजचा हिशेब पाहा. १ कोटीचें घर; २० लाख आपले, ८० लाख बँकेचे. किंमत १० टक्क्यांनीं उतरली, तर घराचा दहावा हिस्सा गेला, पण आपलें भांडवल निम्मे गेलें; बँकेचें येणें तसेंच राहिलें. स्वतः राहणाराला, हप्ता निघत असेल तोंवर, हा उतार फारसा बाधत नाहीं. भाड्याच्या आशेनें दुसरें घर घेणाराची गोष्ट निराळी. शेअरवाल्याला निकडीच्या वेळीं दहा शेअर विकतां येतात. घराचें स्वयंपाकघर तेवढें विकतां येत नाहीं.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के रक्कम निराळ्या खात्यांत, जमीन व बांधकाम ह्यांसाठींच, ठेवण्याचें बंधन घातलें आहे. कायदा चांगला आहे; पण तो भावाची हमी देत नाहीं, देऊंही शकत नाहीं.

तेव्हां दुसरें घर पाहावयास जाण्यापूर्वीं एक प्रश्न कागदावर मांडावा: सहा महिने भाडेकरू मिळाला नाहीं आणि वर्षभर घर विकलें गेलें नाहीं, तर हप्ता कोठून भरावयाचा? उत्तर ‘पगारांतून’ असें आलें, तर त्याच पगारांतून जाणारी मुलांची फी आणि वाण्याचें बिलही त्याखालीं लिहावें.