जावास्क्रिप्ट कोडच्या मांडणीचे नियम

जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतील एखाद्या प्रकल्पावर काम करणाऱ्या सर्वांनी कोड एकाच पद्धतीने लिहावा, यासाठी ठरविलेल्या संकेतांना मांडणीचे नियम म्हणतात. ओळ किती आत सरकवावी, त्यासाठी टॅब वापरावा की मोकळ्या जागा, अवतरणचिन्हे एकेरी असावीत की दुहेरी, अशा बाबी त्यांत येतात.

अर्धविरामाचा प्रश्न

यांपैकी बहुतेक नियम केवळ रुचीचे असून त्यांमुळे कोडचा अर्थ बदलत नाही. अर्धविराम मात्र याला अपवाद आहे. विधानाच्या शेवटी तो गाळल्यास जावास्क्रिप्ट काही ठिकाणी तो आपणहून गृहीत धरते. 'रिटर्न' हा शब्द एका ओळीवर आणि परत द्यायचे मूल्य पुढील ओळीवर लिहिल्यास विधान 'रिटर्न'पाशीच संपले असे मानले जाते. ते मूल्य परत मिळत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. याउलट, अर्धविरामाविना संपलेल्या ओळीनंतरची ओळ कंसाने सुरू झाली, तर ती आधीच्या ओळीला जोडली जाते. तरीही एअरबीएनबीची नियमावली अर्धविराम सक्तीचा करते, तर 'स्टँडर्ड' ही नियमावली तो टाळते.

इतिहास

डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये तयार केलेले जेएसलिंट हे तपासणी साधन त्यांच्या स्वतःच्या मतांबाबत आग्रही होते. अधिक मोकळीक हवी म्हणून २०११ मध्ये त्यातून जेएसहिंट निघाले. निकोलस झाकस यांच्या ईएसलिंटने (२०१३) प्रत्येक नियम चालू किंवा बंद करण्याची सोय दिली. पण त्यामुळे कोणते नियम निवडावेत हाच नवा वाद झाला. जेम्स लाँग यांच्या प्रीटिअरने (२०१७) उलट मार्ग धरला. हे साधन मूळ मांडणी जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवून कोड नव्याने छापते, ओळ शक्यतो ८० अक्षरांत बसविते आणि पर्याय हेतुपुरस्सर मोजकेच देते. २०२३ मध्ये ईएसलिंटनेही आपले मांडणीविषयक नियम कालबाह्य ठरविले.

जुन्या प्रकल्पातील अवलंब

चालू प्रकल्पात असे साधन आणल्यास एकाच वेळी हजारो ओळी बदलू शकतात. त्याच कमिटमध्ये एखादी खरी दुरुस्ती असेल, तर ती तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. म्हणून मांडणीचा बदल स्वतंत्र कमिटमध्ये करतात. ओळीचा मूळ लेखक शोधताना असे कमिट वगळण्याची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे. साधनाची आवृत्तीही सर्वांकडे एकच असावी लागते. प्रीटिअरच्या तिसऱ्या आवृत्तीत यादीच्या शेवटच्या स्वल्पविरामाविषयीचे मूळ धोरण बदलले. त्यामुळे भिन्न आवृत्त्या वापरणारे दोन सहकारी एकमेकांची मांडणी नकळत पुनःपुन्हा उलटवू शकतात.