बंड, कट की उठाव? : दोन फसलेल्या प्रयत्नांचे नामकरण

पराभूतांच्या कृतीला नाव देण्याचा अधिकार बहुधा विजेत्यांकडे जातो. कॅथलिक प्रतिष्ठितांनी राजसत्तेविरुद्ध केलेले दोन प्रयत्न, इंग्लंडमधील 1569 चा आणि गोव्यातील 1787 चा, शेजारी ठेवले असता या विधानाची मर्यादाही स्पष्ट होते.

नोव्हेंबर 1569 मध्ये नॉर्थम्बरलंडचा अर्ल थॉमस पर्सी व वेस्टमोरलंडचा अर्ल चार्ल्स नेव्हिल यांनी प्रॉटेस्टंट राणी पहिली एलिझाबेथ हिच्याविरुद्ध शस्त्र उचलले. डरहमच्या कॅथीड्रलमधील इंग्रजी बायबल फाडून तेथे पुन्हा लॅटिन मिस्सा झाली. डिसेंबरमध्ये त्यांची फौज पांगली. पुढे शेकडो सामान्य अनुयायी फासावर गेले आणि 1572 मध्ये यॉर्क येथे पर्सीचा शिरच्छेद झाला. राजसत्तेने 1570 मध्ये बंडखोरीचा धिक्कार करणारे प्रवचन छापून ते चर्चमधून वाचण्याची व्यवस्था केली. तथापि पराभूतांची कथा लोकगीतांत टिकली. बिशप पर्सी यांच्या 1765 च्या गीतसंग्रहात तिला स्थान मिळाले, तर वर्ड्‌स्वर्थने तिच्याच आधारे 1815 मध्ये दीर्घकाव्य प्रसिद्ध केले.

गोव्यात राजा व प्रजेतील हा वर्ग, दोघेही कॅथलिकच होते. त्यामुळे तेथील संघर्ष धर्ममताचा नसून जन्माधारित दर्जाचा होता. स्थानिक ख्रिस्ती प्रजेला समान वागणूक देण्याची आज्ञा 1761 मध्ये लिस्बनहून निघाली होती, पण व्यवहारात वरिष्ठ धर्मपदे युरोपीयांकडेच राहिली. कायतान फ्रांसिस्कु द कौतु व जुझे आंतोनियु गोन्साल्विस हे धर्मगुरू लिस्बनला जाऊनही पदांपासून वंचितच राहिले. कांदोळीच्या पिंटो घराण्याचा आश्रय लाभलेली योजना 1787 मध्ये प्रत्यक्षात येण्यापूर्वीच फुटली. डिसेंबर 1788 मध्ये पंधरा जणांना देहदंड झाला आणि अटकेतील धर्मगुरूंना लिस्बनला धाडण्यात आले.

येथे नामकरणाचा प्रश्न उभा राहतो. कुन्हा रिव्हारा यांनी 1875 च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘कोंजुरासांव’ हा शब्द योजला. त्याच्या मुळाशी एकत्र शपथ घेण्याचा अर्थ आहे. मराठीत ‘कट’ म्हटले की आरोपपत्राची दृष्टी स्वीकारली जाते. ‘उठाव’ म्हटले की प्रत्यक्षात न घडलेली कृती गृहीत धरली जाते. ‘बंड’ हा शब्दही राजनिष्ठेचा भंग हाच मापदंड मानतो.

कांदोळीतच जन्मलेल्या आबे फारिया यांचे नाव या प्रकरणाशी जोडले जाते. द्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीत याच नावाचे पात्र आहे, परंतु तेथे ते इटालियन आहे. इंग्लंडमधील पराभूतांना त्यांच्याच भाषेत कवी भेटले. फारियांचे नाव जागतिक कादंबरीत पोचले खरे, मात्र गोमंतक मागेच राहिला.

तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच एकच ‘अचूक’ प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा आपण निवडलेला शब्द कोणाची साक्ष पुढे नेतो हे प्रारंभीच स्पष्ट करावे. भाषांतरातील ही निवड इतिहासलेखनाचाच भाग होय.