एस.टी.ने रानातल्या राउळांकडे

कल्याणहून माळशेज घाटाच्या वाटेने नगरकडे निघालेल्या एस.टी.च्या गाडीत ज्याला खिडकीची जागा लाभली असेल, त्याने मुरबाड मागे पडल्यावर डुलकी न घेता उजव्या हाताची डोंगररांग नीट न्याहाळावी. कारण त्याच रांगेतल्या नाणेघाटाच्या अरुंद खिंडीतून सातवाहनांच्या अमदानीत सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नरच्या पेठेकडे चढत असे, आणि तेथे राणी नागनिकेचा शिलालेख व ज्यात जकातीची नाणी पडत असे लोक सांगतात तो दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. सह्याद्रीतील पुरातन देवालयांचा प्रवास येथूनच सुरू करणे मला उचित वाटते. ही देवळे आज रानात हरवल्यासारखी दिसत असली, तरी ती एकांताच्या हौसेने बांधलेली नाहीत. घाटवाटा, पेठा आणि नद्यांचे उगम यांच्या आधाराने ती उभी राहिली; पुढे वाटा बदलल्या, वर्दळ आटली आणि रान जवळ आले.

उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील झंझ राजाने शंभूची बारा देवालये आपल्या नावाने उभारली, असा उल्लेख त्या वंशाच्या लेखांत येतो. दहाव्या शतकाच्या प्रारंभी चौलच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अल-मसूदी या अरब प्रवाशानेही तेथील राजाचे नाव झंझ असेच नोंदवून ठेवले आहे. गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या नद्यांच्या उगमांवर ही बारा देवालये होती, अशी लोकांची श्रद्धा आहे. प्रवरेच्या उगमाजवळचे रतनवाडीचे अमृतेश्वर, कुकडीच्या उगमावरचे कुकडेश्वर, हरिश्चंद्रगडावरचे हरिश्चंद्रेश्वर ही नावे त्या मालिकेत हटकून घेतली जातात. आज उभ्या असलेल्या साऱ्याच वास्तू झंझाच्या काळाच्या आहेत, असे मात्र त्यांच्या घडणीवरून म्हणवत नाही. गावकरी यांतील प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणतात, तेही तितकेच सैल आहे. हेमाद्रिपंडित तेराव्या शतकात यादवांचा करणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, झाला, आणि चुन्यावाचून दगडावर दगड बसवण्याची ही विद्या त्याच्या कितीतरी आधीपासून या मुलखात नांदत होती.

अमृतेश्वराला जावयाचे तर इगतपुरी किंवा घोटीहून भंडारदऱ्याची वाट धरावी. शेंडीपर्यंत एस.टी. नेते. पुढे रतनवाडीची फेरी जुळली तर उत्तम, न जुळली तर जलाशयाच्या काठाकाठाने जाणारी जीप शोधावी, आणि पाण्याने भरलेल्या दिवसांत होडीचीही चौकशी करावी. हा जलाशय 1910 ते 1926 या काळात बांधलेल्या विल्सन धरणाचा आहे. रतनगडाच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या शेजारी ते राउळ असे अवचित समोर येते की वास्तू आणि डोंगर यांपैकी आधी कोणाकडे पाहावे हे कळेनासे होते. शिखर भूमिज पद्धतीचे आहे: चारी बाजूंना तळापासून माथ्यापर्यंत कोरीव पट्टे सरळ चढत जातात, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरे एकावर एक ओळीने रचलेली असून ती वर जाताना लहान होत जातात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढते आणि पिंड त्यात बुडून जाते. जवळच्या पायऱ्यांच्या चौरस पुष्करणीकडे दुर्लक्ष करू नये. तिच्या भिंतींतील देवकोष्ठांत विष्णुमूर्ती आहेत. इतके नाजूक काम इतक्या आडरानात पाहिल्यावर, या खोऱ्यात एकेकाळी पैसा आणि माणसांचा राबता किती असेल, याचा अदमास ज्याचा त्यालाच येतो.

हरिश्चंद्रगड हा याहून कष्टाचा आणि याहून भव्य. कल्याण-नगर गाडीतून माळशेज चढून खुबी फाट्यावर उतरावे, पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खिरेश्वर गाठावे, तेथले नागेश्वराचे देऊळ पाहावे आणि मग टोलार खिंडीने वर चढावे. अथवा राजूरकडून पाचनईला येऊन त्या मानाने सोपी वाट धरावी. वर हरिश्चंद्रेश्वराचे उंच शिखर, शेजारी पाण्याची टाकी, आणि थोडे खाली केदारेश्वराची लेणी, जिच्यात कंबरभर गार पाण्यामध्ये प्रचंड पिंड उभी आहे. तिच्या भोवतीच्या चार खांबांपैकी एकच आता शाबूत उरला आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर रचला.

स्वतःची मोटार असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कोणी विचारील. मोटार देवळाच्या दारात नेऊन सोडते हे खरे. परंतु त्या देवळाचा मुलूख ती दाखवीत नाही. तो दाखवते ती एस.टी., जिची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर या मार्गावर धावली. तालुक्याच्या आगारातून निघालेल्या दुपारच्या गाडीत फवारणीचा पंप, खताची पिशवी, बाजाराची टोपली आणि माहेरी निघालेली लेक एकाच बाकाच्या आसपास मावतात. ‘आमदार-खासदार’ अशी पाटी असलेल्या आसनावर एखादी आजीबाई पाय वर घेऊन निश्चिंत बसलेली असते. आणि वाहक दोनदा घंटी ओढण्यापूर्वी, ‘मावशी, वाडीवर उतरायचं ना?’ असे विचारून थांबा नसलेल्या जागीही गाडी उभी करवतो. देवळाचा पुजारी कोण, किल्ली कोणाकडे, ओढ्याला पाणी किती, हे सारे त्या प्रवासात न मागता कळते. महाशिवरात्रीला वस्तीवस्तीतून लोक कसे लोटतात हेही तेथेच ऐकावे.

सामान पाठीवर मावेल एवढेच घ्यावे. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा; भर पावसात माळशेजला दरडी कोसळतात आणि गडाच्या वाटा निसरड्या होतात. हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत किंवा तिच्या लगत येत असल्याने वनखात्याच्या नाक्यावर नोंद करण्यात टाळाटाळ करू नये, आणि केदारेश्वराच्या पाण्यात साबण लावून उतरणाऱ्यांना तेथेच अडवावे. मुक्कामी गाडी ज्या गावी रात्री थांबते, त्या गावी राहणे सर्वांत सोयीचे, कारण पहाटे तीच गाडी परत फिरते. तिची वेळ मात्र आगारातल्या चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावी, आणि शिधा शहरातून वाहून न नेता गावच्या दुकानातच विकत घ्यावा.