‘धसक्यानं डोकं फिरलं’ म्हणण्याआधी

धाडच्या बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात किंवा दवाखान्याच्या बाकावर कोरोनाच्या दोन लाटांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “रोग तर छातीचा होता, पण बाबानं धसकाच घेतला अन् डोक्यावर परिणाम झाला.” कुणाचे वडील शेवटचे दोन दिवस घरच्यांनाच ओळखत नव्हते. कुणाची आई रात्री उठून गेलेल्या माणसांशी बोलत होती. कुणाच्या तरण्याताठ्या भावाचं तोंड वाकडं झालं. कारण सगळ्यांचं एकच सांगितलं जातं, धसका. इतकी वर्षं झाली तरी हा समज हलायला तयार नाही. तो निरुपद्रवी असता तर सोडूनही दिला असता. पण त्याच्यापायी माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात आणि पुढच्या तापातही पोचतील.

भीती होती, हे कोण नाकारेल? 28 मार्च 2020 ला बुलढाणा शहरात जिल्ह्यातला पहिला कोरोना मृत्यू झाला, त्यानंतरचे दिवस इथल्या कुणालाच विसरता येणार नाहीत. भीतीनं झोप उडते, छाती धडधडते, जेवण जात नाही, माणूस मनानं खचतो. हे आजारही खरेच आणि त्यांनाही उपचार लागतात. पण चुलीवर फोडणी तडतडत असताना हिंगाचा वास न येणं हे भीतीचं काम नव्हे. भर दुपारी ‘आज कोणता वार’ हे न सांगता येणं, अर्धं अंग लुळं पडणं, हेही नव्हे.

मेंदूची लक्षणं ही कोरोनाच्या आजाराचाच भाग आहेत, हे अगदी सुरुवातीला कळलं होतं. वुहानच्या तीन रुग्णालयांतल्या 214 रुग्णांचा अभ्यास एप्रिल 2020 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यांतल्या 78 जणांमध्ये, म्हणजे 36 टक्क्यांहून अधिक जणांमध्ये, मज्जासंस्थेची काही ना काही लक्षणं होती. चक्कर, डोकेदुखी, शुद्ध हरपणं, पक्षाघात, वास आणि चव जाणं. ज्यांचा आजार गंभीर त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त.

मग छातीचा रोग डोक्यापर्यंत जातो कसा? यात काही गूढ नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे वीस टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू खातो. फुप्फुसं निकामी होऊ लागली की पहिली ओढाताण तिथेच होते. कोरोनात तर कित्येक रुग्णांचा ऑक्सिजन ऐंशीच्या घरात उतरलेला असायचा आणि दम लागल्याची तक्रार नसायची. शेजारी म्हणायचे, “श्वास तर बरा चालू आहे, मग बडबडतो कशाला?” दुसरं कारण रक्ताचं. या आजारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की त्या भागाचं काम बंद पडतं. तिसरं कारण आपल्याच प्रतिकारशक्तीचं. विषाणूवर उसळलेला दाह मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना आणि हातापायांच्या नसांनाही सोसावा लागतो. विषाणूला मेंदूत घर करून बसायची गरजच पडत नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या बरळण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘धसका’ हा शिक्का सर्वांत जास्त त्यांच्यावरच बसला. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 817 कोरोना रुग्णांची पाहणी झाली. तातडीच्या विभागात येतानाच त्यांतले 28 टक्के भ्रमावस्थेत होते. अशा भ्रमिष्ट झालेल्यांपैकी 37 टक्के जणांना ताप, धाप यांसारखं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं. हा आकडा नीट वाचावा. आजीला ताप नाही, खोकला नाही, फक्त ती सकाळपासून भलतंच बोलते आहे, आणि तोच तिचा आजार आहे! अशी भ्रमावस्था तासा-दोन तासांत कमी-जास्त होते. सकाळी शुद्धीवर असलेला माणूस संध्याकाळी सून कोण हे विसरतो. त्यामुळे घरच्यांना नाटक वाटतं किंवा बाहेरची बाधा वाटते.

बाधेचा विषय आपल्या भागात टाळून चालणार नाही. पिंपळगाव सराईचा सैलानीबाबांचा दर्गा आपल्याच जिल्ह्यात. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला तिथे आणण्याची रीत जुनी आहे. श्रद्धेनं कुणी माथा टेकवला तर त्यात वाद घालायचं कारण नाही. पण ताप किंवा खोकला होऊन गेलेला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर आधी ऑक्सिजन, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासलाच पाहिजे. अंगातलं भूत काढायचं म्हणून अशा आजाऱ्याला बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे.

‘वारं गेलं’ म्हणतात त्या पक्षाघाताचंही तेच. न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांनी कोरोनाचे रुग्ण आणि साध्या फ्लूचे रुग्ण यांची तुलना केली. कोरोनात 1.6 टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, फ्लूमध्ये 0.2 टक्के. त्याच शहरात 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतले पाच रुग्ण मोठी रक्तवाहिनी तुंबल्यामुळे एकाच रुग्णालय-समूहात आले. तेव्हा ‘तरण्या पोराला वारं कसं जाईल, त्यानं मनाला लावून घेतलं असणार’ हे बोलणं आता तरी बंद व्हावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. धाडहून बुलढाण्याला किंवा थेट संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं, मग स्कॅन व्हायचं, यात किती वेळ जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यातले दोन तास कबुतराचं रक्त चोळण्यात गेले, तर पुढच्या साऱ्या धडपडीचा उपयोग उरत नाही.

तरीही कुणी म्हणेल की हे सगळं घाबरलेल्या माणसांचंच मोजमाप आहे. त्याला ब्रिटनचा अभ्यास दाखवावा. तिथे हजारो लोकांच्या मेंदूचे स्कॅन साथ येण्याआधीच काढून ठेवलेले होते. त्यांतल्या 785 जणांचे पुन्हा स्कॅन काढले. 401 जणांना मधल्या काळात कोरोना झालेला, 384 जणांना नाही. ज्यांना झाला होता त्यांच्यात वासाशी आणि स्मरणाशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागांची झीज थोडी जास्त आढळली, आणि त्यांतले बहुतेक जण रुग्णालयात दाखलही झालेले नव्हते. 2022 मध्ये ‘नेचर’नं हे छापलं. टाळेबंदी, बातम्या, भीती दोन्ही गटांनी सारखीच भोगली होती. फरक होता तो संसर्गाचा.

याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. ‘कोरोना झालेल्याचा मेंदू कायमचा गेला’ हेही तितकंच चूक. इंग्लंडमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या बौद्धिक चाचण्यांचा निष्कर्ष 2024 मध्ये आला. पूर्ण बरे झालेल्यांमध्ये घट होती, पण अगदी किरकोळ. लक्षणं महिनोन्‌महिने रेंगाळली त्यांच्यात ती जास्त, आणि अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांमध्ये सर्वांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2021 मध्ये दीर्घ कोरोनाची व्याख्या केली, त्यात विसर आणि विचारांतला गोंधळ यांची नोंद आहे. म्हणून हिशेब चुकणाऱ्या दुकानदाराला किंवा शाळेत शब्द न आठवणाऱ्या बाईंना ‘मनावर घेऊ नका’ एवढंच सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे. झोप, थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन तपासावं आणि त्यांचं म्हणणं खरं मानावं.

‘हे सगळं लसीनं झालं’ हा दुसरा हट्ट. हातापायांतली शक्ती जाणारा जीबीएस हा आजार कोरोनासोबत झाल्याची नोंद उत्तर इटलीतल्या डॉक्टरांनी एप्रिल 2020 मध्येच केली. भारतातलं लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. लसीनं तो कधीच होत नाही, असंही नाही. आपण जिला कोविशील्ड म्हणतो त्याच लसीचा इंग्लंडमधला हिशेब दर कोटी माणसांमागे 38 जादा रुग्ण असा निघाला. त्याच अभ्यासात कोरोनाच्या संसर्गानंतरचे जादा रुग्ण होते दर कोटीमागे 145. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला 2025 च्या सुरुवातीला जीबीएसची साथ आली, तिचा माग पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूकडे आणि दूषित पाण्याकडे गेला. तिचं खापरही लसीवर फोडून झालं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘वास गेला म्हणजे मेंदूची नस मेली’ : बहुतेकांत मार बसतो तो वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना, म्हणून वास परत येतो. लवंग, लिंबू, नीलगिरी, गुलाब रोज दोनदा लक्ष देऊन हुंगण्याचा सराव काही महिने करावा, आणि तोवर गॅसची शेगडी दुसऱ्यानं तपासावी. ‘कांद्याच्या काळ्या बुरशीनं म्युकर होतो’ : कांद्यावरची ती बुरशी निराळी. नाकातून डोळ्यात आणि मेंदूत शिरणारा म्युकर 2021 मध्ये वाढला तो मुख्यतः बेताल मधुमेहात आणि स्टिरॉइडच्या अतिवापरानं. ‘ताप मेंदूत जाणं ही कोरोनाचीच करणी’ : चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते आपल्या विदर्भातल्या नागपूरजवळच्या गावावरून, 1965 मध्ये. पुढे 2003 मध्ये त्यानं लहान मुलांच्या मेंदूवर केलेला हल्ला महाराष्ट्रानं आणि आंध्रनं पाहिलेला आहे.

घरातलं माणूस तापात किंवा तापानंतर अचानक बरळू लागलं, झोपेतून नीट जागं होईना, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं किंवा पहिल्यांदाच फिट आली, तर घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावा, साखर मोजता येत असेल तर मोजा आणि 108 ला फोन करा. धसका होता की नव्हता, ते डॉक्टर तपासून सांगतील.