जिवंतपणी ‘मृत’ ठरलेली वारस

वॉरिकचा अर्ल म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकांना ‘किंगमेकर’ रिचर्ड नेव्हिल आठवतो. १४६१ मध्ये चौथ्या एडवर्डला गादीवर बसवणारा आणि १४७० मध्ये त्यालाच देशोधडीला लावणारा. पण हा किताब नेव्हिलच्या बापजाद्यांचा नव्हता. तो त्याला बायकोमुळे मिळाला होता.

वॉरिकची सरदारकी १०८८ च्या सुमारास हेन्री द बोमाँ या नॉर्मन सरदाराला मिळाली. मुलगे संपले की ती बहिणी-भाच्यांकडून दुसऱ्या घरात जाई. तशीच ती १२६८ मध्ये बीचम घराण्यात आली. १४४६ मध्ये तरुण हेन्री बीचम वारला आणि तीन वर्षांनी त्याची चिमुरडी मुलगीही गेली. थोरल्या सावत्र बहिणींना डावलून वारसा हेन्रीच्या सख्ख्या बहिणीकडे, ॲनकडे आला. तिचा नवरा नेव्हिल विशीतच इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांत जाऊन बसला.

१४ एप्रिल १४७१ रोजी बार्नेटच्या लढाईत तो परतलेल्या एडवर्डविरुद्ध लढताना मारला गेला. ॲनने ब्यूलीच्या मठात आसरा घेतला. तिच्या दोन्ही मुली राजाच्या भावांच्या घरी पडल्या: इझाबेल क्लॅरेन्सकडे, धाकटी ॲन ग्लॉस्टरकडे. जावयांची नजर सासूच्या इस्टेटीवर होती. नेव्हिलला राजद्रोही ठरवून जमिनी जप्त केल्या असत्या, तर त्या राजाच्या मर्जीवर मिळाल्या असत्या. मर्जी फिरली की गेल्या! वारशाने आलेली मालमत्ता त्याहून पक्की. अडचण एकच, सासू जिवंत होती. मग १४७४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: काउंटेस, म्हणजे सासू ॲन, नैसर्गिकरीत्या मरण पावली आहे असे समजून वाटणी व्हावी. ॲनने पन्नाशीही गाठलेली नव्हती. लेखनिक नसल्याने राजा-राणीला तिने स्वतःच्या हाताने पत्रे लिहिली होती, उपयोग शून्य. कायद्याच्या भाषेत झालेली ही सरळ लूट होती.

सासू मात्र दोन्ही मुली आणि दोन्ही जावई गेल्यावरही जगली. क्लॅरेन्सला १४७८ मध्ये सख्ख्या भावाने, राजाने, मारवले. ग्लॉस्टर तिसरा रिचर्ड होऊन १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडला. १४८७ मध्ये नव्या राजाने, सातव्या हेन्रीने, ॲनला जमिनी परत दिल्या आणि त्याच वर्षी बहुतेक सगळ्या स्वतःच्या नावावर लिहून घेतल्या. ती १४९२ मध्ये वारली. तिचा नातू एडवर्ड हा पुढचा अर्ल. दहा वर्षांचा असताना कैदेत पडला आणि १४९९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर १५४७ पर्यंत इंग्लंडला वॉरिकचा अर्ल नव्हता.